‘फक्त १०० नग’ असं लिहिताय? मग युरोपच्या नाण्यांकडून हा धडा शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘लिमिटेड एडिशन’ या विषयावर बोललो. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून उदाहरणं आणि आकडे इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

प्रशिक्षण देण्याच्या आधी माझा भेटवस्तूंचा छोटा व्यवसाय होता. एका दिवाळीला हाताने रंगवलेल्या पणत्यांचे सेट केले. बॉक्सवर छापलं, ‘फक्त १०० सेट’. किंमत ६५० रुपये. बारा दिवसांत सगळे संपले. मग फोन यायला लागले, “अजून आहेत का हो?” मला मोह झाला. तोच बॉक्स, तोच मजकूर, अजून ६० सेट केले. त्यातले २० गेले ६५० ला. बाकीचे ४० दिवाळी तोंडावर आली तरी पडून होते, म्हणून एका प्रदर्शनात ४०० रुपयांना काढले.

तिथे माझ्या एक जुन्या ग्राहक काकू आल्या. दरवर्षी २५ बॉक्स घ्यायच्या, नातेवाइकांना वाटायला. त्यांनी बॉक्स उचलला, ‘फक्त १०० सेट’ वाचलं, खालची ४०० ची पाटी बघितली, आणि बॉक्स परत ठेवला. काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत.

माझं नेमकं काय चुकलं, हे मला नीट समजलं ते युरोपातल्या टांकसाळींचा धंदा अभ्यासताना. तोच आजचा धडा.

आधी समजून घ्या: एका नाण्याच्या तीन किमती

युरोची नाणी आणि नोटा लोकांच्या हातात आल्या १ जानेवारी २००२ ला. तिथे साधारण तीन प्रकारची नाणी दिसतात.

पहिलं, रोजच्या वापराचं नाणं. याची एक बाजू सगळ्या देशांत सारखी, दुसरी बाजू प्रत्येक देशाची स्वतःची. इटलीने आपल्या बाजूवर सरळ कलेचा खजिनाच मांडला. १ युरोवर लिओनार्दो दा विंचीचं ‘व्हिट्रुव्हियन मॅन’ हे रेखाटन, १० सेंटवर बोत्तिचेल्लीची व्हीनस, २ युरोवर कवी दान्ते. म्हणजे चहा प्यायला गेलात तर सुट्ट्या पैशांबरोबर दा विंची हातात येतो.

दुसरं, २ युरोचं स्मारक नाणं. आकार, वजन, धातू सगळं नेहमीच्या २ युरोसारखंच, फक्त देशाच्या बाजूवर खास चित्र. हे युरो वापरणाऱ्या कुठल्याही देशात चालतं. पहिलं आलं २००४ मध्ये, ग्रीसने अथेन्स ऑलिंपिकसाठी काढलं होतं.

तिसरं, संग्राहकांसाठीचं नाणं. बहुतेक वेळा चांदीचं किंवा सोन्याचं. हे फक्त ज्या देशाने काढलं तिथेच कायदेशीर चलन असतं. जर्मनीने अनेक वर्षं जागतिक वारसास्थळांवर १०० युरोचं सोन्याचं नाणं काढलं. ते फ्रान्समधल्या दुकानदाराने घेतलंच पाहिजे असं बंधन नाही.

आता तीन किमती बघा:

१. दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेला आकडा.
२. धातूची किंमत, म्हणजे वितळवलं तर काय मिळेल.
३. संग्राहकाची किंमत, म्हणजे ज्याला ते हवंच आहे तो काय देईल.

तुमच्या वस्तूलाही या तीन किमती लावून बघा. कच्च्या मालाची किंमत आणि ग्राहक देतो ती किंमत, यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कशामुळे आहे? सुबक काम हे एक कारण आहेच. पण संग्राहकाच्या बाबतीत मोठं कारण असतं विश्वास. जेवढी सांगितली तेवढीच नाणी पाडली, जे लिहिलं ते खरं, आणि उद्या हीच वस्तू ढिगाने बाजारात येणार नाही, हा विश्वास.

धडा १: मर्यादा मनात नको, कागदावर हवी

युरोपात कुठलाही देश मनाला येईल तशी नाणी पाडू शकत नाही. दरवर्षी किती नाणी काढायची, त्याला युरोपीय मध्यवर्ती बँकेची मंजुरी लागते. २ युरोची स्मारक नाणी एका देशाला वर्षाला दोनच काढता येतात. सगळे देश मिळून एखादं सामायिक नाणं काढतात ते वेगळं. उदाहरणार्थ, २०२२ मध्ये इरॅस्मस शिष्यवृत्ती योजनेला ३५ वर्षं झाली तेव्हा सगळ्यांनी एकच चित्र वापरलं.

संग्राहकांच्या नाण्यांनाही नियम आहे. त्यांची दर्शनी किंमत रोजच्या नाण्यांपेक्षा वेगळी हवी. शिवाय रंग, व्यास आणि वजन यांतल्या किमान दोन गोष्टींत ठळक फरक हवा. का? दुकानात कुणाचा घोळ होऊ नये, आणि घेणाऱ्यालाही हे वेगळं आहे हे हातात घेताच कळावं.

आपल्याला काय शिकायचं? मी ‘फक्त १००’ लिहिलं, पण माझ्यावर लक्ष ठेवणारं कुणीच नव्हतं. माझी मर्यादा माझ्या मूडवर होती. तुमच्याकडे मध्यवर्ती बँक नाही, म्हणून ग्राहकालाच तुमचा तपासनीस करा. प्रत्येक नगावर क्रमांक टाका, ‘१०० पैकी ३७’. एकदा क्रमांक पडले की १०१ वा नग करायला तुमचाच हात धजणार नाही.

धडा २: एक वस्तू नको, मालिका विका

ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने चित्रकार गुस्ताव क्लिम्टवर पाच सोन्याच्या नाण्यांची मालिका काढली. २०१२ हे क्लिम्टच्या जन्माचं १५० वं वर्ष. तिथून २०१६ पर्यंत दरवर्षी एक नाणं. दर्शनी किंमत ५० युरो, आत १० ग्रॅम शुद्ध सोनं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३०,००० नाणी. पहिल्यावर आडेल ब्लॉख-बाउअर, शेवटच्यावर जगप्रसिद्ध ‘चुंबन’.

आता गंमत बघा. प्रत्येक नाण्यावर क्लिम्टच्या रोमन आडनावातलं एकेक अक्षर टाकलं. पाच अक्षरं, पाच नाणी. ज्याने पहिलं घेतलं, त्याला पुढची चार हवीच. चार नाणी घेतलेला माणूस शब्द अर्धवट ठेवेल का?

स्पेननेही तेच केलं, पण स्वस्तात. २०१० पासून दरवर्षी २ युरोच्या स्मारक नाण्यावर आपलं एक जागतिक वारसास्थळ. सुरुवात कॉर्दोबापासून. २०११ ला अलहंब्रा, २०१४ ला बार्सिलोनातलं गाउदीचं पार्क ग्वेल, २०१५ ला आल्तामिराच्या गुहेतलं प्राचीन चित्र. शाळकरी मुलगाही ही मालिका गोळा करू शकतो.

लक्षात घ्या, यात फसवाफसवी नाही. मालिका किती नगांची, कधी येणार, हे आधीच सांगितलेलं असतं. ग्राहकाला वाट बघायला आवडतं, पण *कशाची* वाट बघायची ते त्याला माहीत हवं.

तुमचं बघा. गोधडी करता? मसाले करता? मातीची भांडी करता? एकाच वेळी वीस डिझाईन बाजारात फेकू नका. वर्षाला चार ठरवा, आधी जाहीर करा, आणि ठरलेल्या महिन्यात आणा. तारीख चुकली तर मालिका मोडते.

धडा ३: गोष्ट सांगताना एक शब्दही चुकवू नका

२०१३ मध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने लेखक जेम्स जॉइसच्या सन्मानार्थ १० युरोचं चांदीचं नाणं काढलं. १०,००० नाणी, विक्रीची किंमत ४६ युरो. नाण्यावर त्याच्या ‘युलिसीस’ या कादंबरीतलं एक वाक्य कोरलं. पण त्यात मुळात नसलेला एक छोटा शब्द घुसला!

आपण म्हणू, “एका शब्दाने काय होतं?” पण हे नाणं घेणार कोण? जॉइसचे वाचक. त्यांना तो शब्द लगेच खुपला, बातम्या झाल्या.

बँकेने काय केलं ते शिकण्यासारखं आहे. चूक मान्य केली. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांना पैसे परत घेण्याची सोय दिली. पुढच्या ग्राहकांना चूक सांगूनच विक्री केली.

वारसा विकताना ही जोखीम कायम असते. पैठणी, वारली चित्र, कोल्हापुरी चप्पल, यांची गोष्ट सांगून तुम्ही वस्तू विकता, तेव्हा ती गोष्ट तुमच्यापेक्षा चांगली जाणणारा ग्राहक समोर असतो. म्हणून छपाईला टाकण्याआधी मजकूर तीन जणांना दाखवा. त्यातला एक तरी त्या विषयातला जाणकार हवा. आणि तरी चूक झाली तर लपवू नका. चूक एकदा माफ होते, लपवाछपवी होत नाही.

धडा ४: दार बंद झालं तर चौकट नीट बघा

२०१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईला २०० वर्षं झाली. ही रणभूमी बेल्जियममध्ये आहे. बेल्जियमने २ युरोचं स्मारक नाणं ठरवलं. पण २ युरोचं नाणं फ्रान्समध्येही चालतं. नेपोलियनच्या पराभवाचं नाणं फ्रेंच माणसाच्या खिशात? फ्रान्सने हरकत घेतली. तोवर सुमारे १,८०,००० नाणी पाडून झाली होती. ती मोडीत काढावी लागली.

बेल्जियमने नियम पुन्हा वाचले. वेगळ्या दर्शनी किमतीचं नाणं फक्त आपल्या देशापुरतं चालतं, त्याला इतरांची अशी अडचण नाही. मग त्यांनी काढलं चक्क अडीच युरोचं नाणं! सोनं नाही, चांदी नाही, साधा धातू. ७०,००० नाणी, विक्री ६ युरोला.

गणित मांडा. दर्शनी किंमत १ लाख ७५ हजार युरो. विक्रीची किंमत ४ लाख २० हजार युरो. वाद झाल्यामुळे नाण्याची चर्चा जगभर झाली, तीही फुकटात.

पण माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. ती १,८०,००० नाणी. परवानगी पक्की होण्याआधी माल तयार केला, तर नुकसान ठरलेलं. लेबल, परवाना, अन्नपदार्थांची नोंदणी, ब्रँडचं नाव, हे सगळं हातात येईपर्यंत मोठी ऑर्डर छापायला टाकू नका. आधी नमुना, मग मंजुरी, मग माल.

धडा ५: माल संपला, मागणी आहे. आता?

हाच माझा पणत्यांचा प्रश्न होता. याचं उत्तर मला ब्रिटनच्या एका नाण्यात सापडलं.

२००९ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाला २५० वर्षं झाली. तिथल्या जुन्या पॅगोडाचं चित्र असलेलं ५० पेन्सचं नाणं चलनात आलं, २,१०,००० नग. ब्रिटनसारख्या देशाच्या मानाने हा आकडा फारच लहान. लोकांच्या हे लक्षात आलं तेव्हा ५० पेन्सचं ते नाणं दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकलं जायला लागलं.

पुढे २०१९ मध्ये, ५० पेन्सच्या नाण्याला ५० वर्षं झाली म्हणून, टांकसाळीने तेच चित्र संग्राहकांच्या संचात पुन्हा आणलं. पण राणीच्या बाजूवर वर्ष टाकलं २०१९.  ज्याच्याकडे २००९ चं आहे त्याचं २००९ चंच राहिलं. ज्याला चित्र हवं होतं त्याला चित्र मिळालं.

मी त्या वेळी एवढंच करायला हवं होतं. पहिल्या १०० वर ‘पहिली आवृत्ती’, दुसऱ्या ६० वर वेगळा रंग, वेगळा बॉक्स, ‘दुसरी आवृत्ती’. आणि पहिल्या शंभर ग्राहकांना आधी फोन, “दुसरी आवृत्ती काढतोय, तुमची पहिली ती पहिलीच.” आणि उरलेला माल त्याच नावाने स्वस्तात काढायचा नाही, हे तर नक्कीच.

आता माझा हिशोब उघडा करतो

एका सेटचा खर्च: पणत्या आणि रंग १४०, मजुरी १२०, बॉक्स ६०, माहितीचं कार्ड १०, फूटतूट २०. एकूण ३५० रुपये.

जादा ६० सेटचा खर्च: ६० × ३५० = २१,०००.
विक्री: २० × ६५० = १३,००० आणि ४० × ४०० = १६,०००. एकूण २९,०००.
फायदा: ८,००० रुपये.

आता काकूंची ऑर्डर. २५ बॉक्स, प्रत्येकी ३०० रुपये सुटायचे. वर्षाला ७,५००.

म्हणजे शब्द मोडून मिळवलेले आठ हजार एका ग्राहकाच्या एका वर्षातच जवळपास गेले. दुसऱ्या वर्षापासून निव्वळ तोटा. आणि काकूंनी आणखी किती जणींना सांगितलं असेल, ते माझ्या वहीत कुठेच नाही.

“सर, मग ही नाणीच विकत घेऊन ठेवू का?”

हा प्रश्न मला हमखास येतो. सरळ उत्तर देतो.

२००७ मध्ये मोनॅकोने राजकन्या ग्रेस केलीच्या २५ व्या स्मृतिवर्षानिमित्त २ युरोचं नाणं काढलं, फक्त २०,००१ नग. आज ते हजारो युरोंना जातं. अशा बातम्या वाचून डोळे दिपतात. पण त्याच काळात निघालेली कितीतरी स्मारक नाणी लाखोंच्या संख्येत आहेत. ती दर्शनी किमतीच्या फार पुढे जात नाहीत. बातमी एका नाण्याची होते, बाकीच्यांची होत नाही.

म्हणून या चार गोष्टी पाळा:

- घर चालवायचे किंवा धंद्याचे खेळते पैसे संग्रहात घालू नका. छंद म्हणून, हौसेच्या पैशांतून घ्या.
- घेण्याची आणि विकण्याची किंमत वेगळी असते. मध्ये व्यापाऱ्याचा नफा असतो. आज घेतलेलं आजच विकायला गेलात तर कमीच मिळेल.
- परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी आधी आपल्या सीएला विचारा.
- भारतात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऑनलाइन जुनी नाणी विकायचा विचार असेल तर हे आधी वाचा.

आणखी एक. नाण्यासारखी भेटवस्तू बनवायची असेल तर सावध राहा. सराफाकडचं लक्ष्मीचं चांदीचं ‘नाणं’ म्हणजे खरं तर पदक, त्यावर दर्शनी किंमत नसते. युरोपात नाण्यासारख्या दिसणाऱ्या पदकावर ‘युरो’ शब्द किंवा त्याचं चिन्ह वापरायला बंदी आहे. आपल्याकडेही चलनाची नक्कल होईल असं काही करू नका. शंका असेल तर वकिलाला विचारा.

चित्र वापरतानाही तेच. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षं कॉपीराइट असतो, युरोपात ७०. क्लिम्ट १९१८ ला गेला, त्याची चित्रं आता खुली आहेत. पण आजच्या चित्रकाराचं चित्र इंटरनेटवरून उचलून बॉक्सवर छापू नका. त्याला विचारा, मोबदला द्या, आणि त्याचं नावही छापा. त्याचं नाव ही तुमच्या वस्तूची किंमतच आहे.

गृहपाठ

१. तुमच्या एका वस्तूच्या तीन किमती लिहा: मालाची, सध्याच्या विक्रीची, आणि खऱ्या चाहत्याने दिली असती ती.
२. पुढच्या सणासाठी एकच मर्यादित वस्तू ठरवा. संख्या, तारीख आणि क्रमांक कसा टाकणार, हे कागदावर लिहा. खाली सही करा.
३. संपल्यावर मागणी आली तर काय करणार, हे आत्ताच लिहून ठेवा. तेव्हा मोह असतो, आत्ता डोकं थंड आहे.
४. वस्तूची गोष्ट पाच ओळींत लिहा आणि त्यातली प्रत्येक माहिती कुणाला विचारून खात्री केली, ते शेजारी लिहा.

आपल्या आजी बाजारात रुपया घेताना तो दगडावर वाजवून बघायच्या. आवाज खणखणीत आला तरच कनवटीला. आजचा ग्राहक तुमचा बॉक्स वाजवून बघत नाही, बॉक्सवरचा आकडा बघतो. तो आकडा खणखणीत ठेवा.

त्या काकूंना मी मागच्या वर्षी स्वतः जाऊन भेटलो. चूक सांगितली. त्या हसल्या, चहा दिला. ऑर्डर दिली नाही. मीही मागितली नाही.

गृहपाठ केलात की कमेंटमध्ये तुमची वस्तू आणि ठरवलेली संख्या नक्की लिहा. पुढच्या भागात बघू, प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी कुठले सात प्रश्न आयोजकांना विचारायचे. भेटूया!